पापणीची कड सुजते तेव्हा पुढे काय काय बिघडू शकतं

सकाळी उठल्यावर पापण्या चिपडांनी चिकटलेल्या असतात. कडा लालसर आणि जाडसर दिसतात, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे कण साचतात आणि दिवसभर डोळ्यात बारीक वाळू गेल्यासारखं खुपत राहतं. पापणीच्या कडेच्या या दाहाला ब्लेफरायटिस म्हणतात. बहुतेकांना तो नुसता वैताग देतो, नजरेला धक्का लावत नाही. पण तो चिवट असतो. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं धुमसत राहतो, आणि एवढ्या काळात पापणीवरचं दुखणं पापणीपुरतं राहीलच याची खात्री नसते. पापणी दर काही सेकंदांनी डोळ्यावरून फिरते, त्यामुळे तिच्या कडेवर जे साचतं ते डोळ्याच्या पृष्ठभागावर पुसलं जातं.

गुंतागुंत समजायची तर आधी ही कड नीट पाहायला हवी. तिची रुंदी जेमतेम २ मिलिमीटर. पुढच्या बाजूला केसांची रांग, आणि त्या केसांच्या मुळांना चिकटलेल्या बारीक तेलग्रंथी व घामाच्या ग्रंथी. मागच्या बाजूला, डोळ्याला टेकणाऱ्या भागात, टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांची दुसरी रांग असते. ही माइबोमियन ग्रंथींची तोंडं. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्यांना त्याचं नाव. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० अशा ग्रंथी असतात. त्यांतून निघणारं पातळ तेल अश्रूंवर साय धरावी तसं पसरतं आणि अश्रूंना उडून जाऊ देत नाही.

या कडेवर जिवाणू असतातच, निरोगी माणसाच्याही. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, कधी स्टॅफिलोकॉकस ऑरियस, हे तिथले कायमचे भाडेकरू. आजारात त्यांची संख्या वाढते, आणि मग तीन वेगवेगळ्या वाटांनी नुकसान होतं. एक, जिवाणू जी विषद्रव्यं सोडतात ती कडेला आणि डोळ्याच्या पृष्ठभागाला थेट जाळतात. दोन, त्यांची लायपेज नावाची विकरं ग्रंथींतलं तेल फोडून त्याची मेदाम्लं करतात. तेल घट्ट होतं, नळीत अडकतं, आणि मेदाम्लांचा साबण होऊन अश्रूंत फेस दिसू लागतो. पापण्यांच्या कोपऱ्यात पांढरट फेस साचतो तो हाच. तीन, शरीराची प्रतिकारशक्ती जिवाणूंच्या प्रथिनांवर तुटून पडते आणि त्या धुमश्चक्रीत डोळ्याचंच नुकसान होतं.

प्रतिजैविकाच्या थेंबांनी आठवडाभर बरं वाटून दुखणं पुन्हा का उलटतं, याचं उत्तर इथे आहे. औषधाने जिवाणू कमी होतात, पण तुंबलेलं तेल तुंबलेलंच राहतं आणि भाडेकरू परत येतात.

पापणीवरच होणाऱ्या गोष्टी

सगळ्यांत ओळखीची म्हणजे रांजणवाडी. केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीत पू झाला की कडेवर लाल, ठणकणारी पुळी येते आणि तिला पिवळं तोंड फुटतं. तोच प्रकार माइबोमियन ग्रंथीत झाला तर पुळी पापणीच्या आत, जरा खोलवर असते आणि जास्त ठणकते. दोन्हींत गरम शेक हाच मुख्य उपाय. बहुतेक रांजणवाड्या आठवड्याभरात फुटतात किंवा विरतात. ती दाबून पिळायची मात्र नाही. पिळल्याने पू बाहेर येण्याऐवजी आजूबाजूच्या सैल ऊतींत ढकलला जाऊ शकतो आणि पुळीची पसरलेली सूज होते. केसाच्या मुळाशी तोंड स्पष्ट दिसत असेल तर डॉक्टर तो एक केस चिमट्याने उपटतात, मग पूला वाट मिळते.

कॅलेझिऑन ही वेगळी चीज आहे, जरी लोक तिलाही रांजणवाडीच म्हणतात. इथे पू नसतो. ग्रंथीचं तोंड बंद होऊन तेल आजूबाजूच्या ऊतीत झिरपतं, शरीर त्याला परकं समजून त्याभोवती गाठ बांधतं. ती टणक आणि न दुखणारी असते, हळूहळू वाढते. पू नसल्यामुळे प्रतिजैविकाचा तिच्यावर फारसा उपयोग नसतो. दिवसातून ३-४ वेळा १० मिनिटं शेक आणि हलका मसाज केला तर अनेक गाठी काही आठवड्यांत बसतात. महिना-दीड महिन्यात फरक नसेल तर गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, किंवा पापणी उलटी करून आतून उभा छेद घेऊन गाठ खरवडतात. छेद उभा घेण्याचं कारण म्हणजे ग्रंथी पापणीत उभ्या रचलेल्या असतात. आडवा छेद शेजारच्या चांगल्या ग्रंथीही कापतो. वरच्या पापणीतली मोठी गाठ बुबुळावर दाब देते आणि चष्म्यात तात्पुरता सिलिंडरचा नंबर (बुबुळाचा गोलवा असमान झाल्याने येणारा) आणते. मोठ्या माणसाला त्याने धूसर दिसतं, लहान मुलात मात्र त्यातून आळशी डोळा होण्याचा, म्हणजे मेंदूने त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकण्याचा धोका असतो.

दाह केसांच्या मुळांपर्यंत पोचला की केस गळतात, विरळ होतात, कधी पांढरे पडतात. मुळाशी व्रण झाले असतील तर भरताना कातडी आक्रसते आणि केस आतल्या बाजूला वळतात. असा एक जरी केस बुबुळावर घासत असेल तर डोळा सतत लाल राहतो, पाणी गळतं, आणि कितीही थेंब घातले तरी उतार पडत नाही. तो केस उपटला तर ४ ते ६ आठवड्यांत पुन्हा उगवतो. उपटताना तुटला तर खुंट जास्त टोचतो, म्हणून घरी आरशात बघून ही कामगिरी करू नये. वारंवार होत असेल तर मूळच विजेच्या प्रवाहाने किंवा गोठवून नष्ट करतात.

जुन्या आजारात कड जाड आणि खडबडीत होते. खालची पापणी किंचित बाहेर कलते, मग नाकाजवळचं अश्रू वाहून नेणारं छिद्र डोळ्याला टेकत नाही आणि पाणी गालावर ओघळतं. माणूस ते रुमालाने खाली ओढत पुसतो, त्याने पापणी आणखी सैल होते. पुसायचंच असेल तर खालून वर, नाकाकडे, टिपून घ्यावं.

डोळ्यांतून पाणी येतं, तरी डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे

रुग्णांना हे विधान हमखास खटकतं. अश्रूंवरची तेलाची साय बिघडली की अश्रू लवकर उडतात. उघड्या डोळ्यावर अश्रूंचा थर निदान १० सेकंद अखंड राहायला हवा. इथे तो त्याआधीच फाटतो. उघडा पडलेला पृष्ठभाग झोंबतो, मेंदू ‘पाणी पाठव’ असा हुकूम देतो आणि डोळे वाहू लागतात. पण हे पाणी नुसतंच पाणी असतं, त्यावर साय नसते, त्यामुळे ते टिकत नाही. वाचताना मधूनच अक्षरं पुसट होणं आणि दोन-तीनदा डोळे मिटल्यावर पुन्हा स्वच्छ दिसणं, हे याचं खास लक्षण.

वेळेकडे लक्ष दिलं तर आणखी एक गोष्ट कळते. पापणीच्या दाहाने होणारी जळजळ सकाळी जास्त असते, कारण रात्रभर मिटलेल्या डोळ्यात विषद्रव्यं आणि दाहक पदार्थ साचून राहतात. अश्रूच कमी तयार होत असतील तर त्रास दिवस चढेल तसा वाढतो. डॉक्टरांना ‘डोळे जळजळतात’ एवढंच सांगण्यापेक्षा ‘उठल्या उठल्या जास्त जळजळतात’ हे सांगणं फार उपयोगी पडतं.

बुबुळापर्यंत पोचलेला दाह

खरी काळजी इथून सुरू होते. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. त्याच्यात रक्तवाहिन्या नसतात म्हणून तो पारदर्शक राहतो. तिथे दाह पोचला की पहिल्यांदा दिसतात ते टाचणीने टोचल्यासारखे बारीक ओरखडे. फ्लुरोसिन नावाचा पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिलं की ते हिरवे चमकतात. ते बहुधा कॉर्नियाच्या खालच्या एक-तृतीयांश भागात असतात, कारण खालच्या पापणीची कड तिथे टेकते. हे ओरखडे पापणीची निगा राखली की भरून येतात.

पुढची पायरी म्हणजे कॉर्नियाच्या काठावरचा दाह, मार्जिनल केरायटिस. घड्याळाच्या तबकडीवर २, ४, ८ आणि १० हे आकडे जिथे असतात त्या जागी, म्हणजे पापण्यांच्या कडा बुबुळाचा काठ ओलांडतात तिथे, राखाडी-पांढरे ठिपके उमटतात. डोळा लाल होतो, टोचतो, उजेड सहन होत नाही. हा प्रतिकारशक्तीचा प्रताप आहे. पापणीवरच्या स्टॅफिलोकॉकसची प्रथिनं काठावर जमतात, त्यांच्याविरुद्धच्या पेशी तिथे गोळा होतात. ठिपक्यात जिवंत जिवाणू बहुधा नसतात. ठिपका आणि बुबुळाचा काठ यांच्यामध्ये स्वच्छ पारदर्शक पट्टी राहते, ही डॉक्टरांची ओळखीची खूण.

ही बारकाई इतकी सांगण्याचं कारण उपचारात आहे. या दाहाला स्टेरॉइडचे थेंब थोडे दिवस, प्रतिजैविकाच्या जोडीने दिले की उतार पडतो. पण जिवाणूंनी कॉर्निया प्रत्यक्ष पोखरला असेल, बुरशी असेल किंवा नागिणीच्या जातकुळीतला हर्पिसचा विषाणू असेल, तर तेच स्टेरॉइड आगीत तेल ओततं. संसर्गाचा व्रण बहुधा एकच आणि मोठा असतो, मध्याकडे असतो, दुखणं जास्त असतं आणि घाण येते. नुसत्या डोळ्यांनी, आरशात बघून हा फरक कळत नाही. त्यासाठी स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा प्रकाशझोतात मोठा करून दाखवणारं डॉक्टरांचं यंत्र लागतं. म्हणून मागच्या वेळची स्टेरॉइडची उरलेली बाटली पुन्हा वापरणं ही या आजारातली सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. ती दीर्घकाळ वापरली तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याच्या कॉर्नियावर पांढरा ठिपका दिसला तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो संसर्गच समजतात. लेन्स लगेच काढायची, फेकून न देता डबीसकट डॉक्टरांकडे न्यायची, कारण तिच्यावरूनही जिवाणूंची तपासणी करता येते.

दाह पुन्हा पुन्हा होत राहिला तर काठावरून कॉर्नियात रक्तवाहिन्या शिरतात. त्यांच्यामागून पांढुरका डाग येतो, ज्याला आपल्याकडे डोळ्यात फूल पडणं म्हणतात. काही डोळ्यांत त्या जागी कॉर्निया पातळ होतो, आणि फारच दुर्लक्ष झालं तर क्वचित तिथे भोकही पडतं. काठावरच्या डागाने नजर फारशी कमी होत नाही, पण काठ ओढला गेल्याने सिलिंडरचा नंबर वाढतो. डाग मध्यावर आला की चष्म्याने भागत नाही.

मुलांचं वेगळं का

लहान मुलांमधला पापणीचा दाह बऱ्याचदा ओळखलाच जात नाही. मूल डोळे चोळतं, उजेडात मिचकावतं, वारंवार डोळे येतात असं घरच्यांना वाटतं, आणि प्रत्येक वेळी ॲलर्जीचे थेंब मिळतात. पापणीच्या कडेकडे कोणी पाहत नाही. वारंवार रांजणवाड्या आणि सतत लाल डोळा, विशेषतः एका डोळ्यात जास्त, ही जोडी दिसली तर पापणीचा संशय घ्यावा. मुलांच्या कॉर्नियाला रक्तवाहिन्या आणि डाग पटकन येतात. बुबुळाच्या काठाशी पिवळसर-पांढरा, मोहरीएवढा उंचवटाही येतो, त्याला फ्लिक्टेन्यूल म्हणतात. तोही जिवाणूंच्या प्रथिनांवरची प्रतिक्रियाच असते. हीच प्रतिक्रिया क्षयाच्या जंतूंमुळेही होऊ शकते, म्हणून डॉक्टर घरात कोणाला क्षय आहे का विचारतात, गरज पडली तर तपासणी सांगतात. नजर घडण्याच्या वयात, म्हणजे साधारण ७-८ वर्षांपर्यंत, एका डोळ्यासमोर डाग किंवा मोठा सिलिंडर नंबर राहिला तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. दाह बरा झाला तरी तो आळशी डोळा राहतो. म्हणून मुलांच्या बाबतीत लाली गेली की काम संपलं असं नसतं, नंबर आणि दोन्ही डोळ्यांची नजर तपासून घ्यावी लागते.

संसर्ग पसरला तर

रांजणवाडीचा पू आजूबाजूला पसरून अख्खी पापणी लाल, गरम आणि फुगलेली होऊ शकते. डोळ्याच्या खोबणीपुढे एक पातळ पडदा असतो, संसर्ग त्याच्या पुढे आहे तोवर डोळा स्वतः पांढरा असतो, सगळीकडे फिरतो, दिसतं नीट. तरीही पोटातून प्रतिजैविक लागतं, फक्त मलमाने भागत नाही. संसर्ग पडद्यामागे गेला तर डोळा पुढे आल्यासारखा दिसतो, हलवताना दुखतो किंवा हलतच नाही, एकाची दोन चित्रं दिसतात, नजर किंवा रंग फिके पडतात, ताप येतो. ही तातडीची स्थिती आहे, त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठायचं. असा खोल संसर्ग बहुधा सायनसमधून होतो, पापणीमुळे क्वचित. पण क्वचित म्हणून थांबण्यात अर्थ नाही. दृष्टीच्या मज्जातंतूवर दाब आला तर हातात फार वेळ नसतो.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी

शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असते आणि डॉक्टर ऐनवेळी म्हणतात, आधी पापण्या बऱ्या करा. ही टाळाटाळ नसते. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत होणारा संसर्ग दुर्मिळ असला तरी नजर घालवू शकतो, आणि त्यातले जिवाणू बहुतेक वेळा रुग्णाच्याच पापण्यांवरचे असतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी डोळ्यात ५ टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन घालून निदान ३ मिनिटं ठेवतात. दुसरं कारण फारसं कोणी सांगत नाही. अश्रूंचा थर फाटका असेल तर कॉर्नियाच्या वक्रतेचं माप चुकतं, आणि त्या मापावरूनच आत बसवायच्या लेन्सचा नंबर ठरतो.

दाह वाटतो पण दाह नसतो

ब्लेफरायटिस बहुधा दोन्ही डोळ्यांना होतो. एकाच पापणीवर महिनोन्महिने दाह आहे, तिथलेच केस गळताहेत, कड पिवळसर जाड झाली आहे, किंवा वयस्क माणसाला एकाच जागी गाठ काढूनही परत येते आहे, असं असेल तर तेलग्रंथीच्या कर्करोगाची शक्यता तपासावी लागते. तो दुर्मिळ आहे आणि दाहाचं सोंग उत्तम वठवतो. छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ओळखता येत नाही. परत आलेली गाठ काढताना तिचा तुकडा तपासायला पाठवला का, हे रुग्णाने विचारायला हरकत नाही.

गुंतागुंत टाळणारी रोजची निगा

सगळा भर शेक, मसाज आणि सफाई या क्रमावर आहे. क्रम बदलला तर फायदा कमी होतो. घट्ट झालेलं तेल पातळ व्हायला पापणीला ४० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता १० मिनिटं मिळावी लागते. ओला रुमाल दोन मिनिटांत गार होतो, बहुतेकांचा शेक इथेच फसतो. रुमाल सतत पुन्हा गरम पाण्यात बुडवावा, नाहीतर उष्णता धरून ठेवणारा डोळ्यांचा मास्क वापरावा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. तिथे चटका बसत असेल तर पापणीला हमखास बसेल, कारण तिची कातडी शरीरात सर्वांत पातळ असते.

लगेच, पापणी गरम असतानाच, मसाज. डोळे मिटून वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, कडेच्या दिशेने, बोटाने ५ ते १० वेळा हलकेच निपटायची. डोळ्याच्या गोळ्यावर जोर द्यायचा नाही, जोराने चोळल्याने कॉर्नियाचा आकार बिघडतो.

मग सफाई. उकळून कोमट केलेल्या पाण्यात बेबी शॅम्पू, एक भाग शॅम्पूला दहा भाग पाणी, किंवा तयार मिळणारे पापणीचे वाइप्स. कापसाच्या काडीने केसांच्या मुळाशी आडवं पुसायचं. पापणीच्या वरच्या कातडीवर पुसून उपयोग नाही, कण मुळाशी असतात. वाळलेले कण नखाने खरवडू नयेत, खाली व्रण होतो. दोन डोळ्यांना दोन काड्या. शॅम्पूने झोंबत असेल किंवा कातडी कोरडी पडत असेल तर तो सोडून वाइप्सवर यावं.

सुरुवातीचे २ ते ४ आठवडे दिवसातून दोनदा, त्यानंतर एकदा, आणि ते चालू ठेवायचं. पहिल्या आठवड्यात फारसा फरक पडत नाही आणि बहुतेक लोक तिथेच सोडतात.

डॉक्टरांनी प्रतिजैविकाचं मलम दिलं तर ते सफाईनंतर, रात्री, कडेवर चोळायचं असतं; डोळ्यात भरून कड कोरडी ठेवली तर जिथे हवं तिथे ते पोचतच नाही. दाह मागच्या ग्रंथींचा असेल तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या काही आठवडे देतात. इथे तिचा मोठा उपयोग जिवाणूंची लायपेज विकरं आणि दाह कमी करण्यासाठी होतो, म्हणून मात्रा कमी आणि काळ लांब असतो. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नये, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून व्रण करते. आम्लपित्ताची, लोहाची किंवा कॅल्शियमची औषधं तिच्याबरोबर घेतली तर ती शोषली जात नाही. उन्हात कातडी भाजते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना आणि ८ वर्षांखालच्या मुलांना ती सहसा देत नाहीत, कारण वाढत्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. त्यांच्यासाठी डॉक्टर एरिथ्रोमायसिन किंवा ॲझिथ्रोमायसिनचा विचार करतात.

दाह चढलेला असताना कॉन्टॅक्ट लेन्स आणि डोळ्यांचा मेकअप दोन्ही बंद. पापणीच्या आतल्या कडेवर ओढलेली पेन्सिल थेट माइबोमियन छिद्रांवर बसते. मस्कारा तीन महिन्यांत बदलावा, आणि दाहाच्या काळात वापरलेला मस्कारा बरं वाटल्यावर पुन्हा उघडू नये, कारण ब्रशबरोबर तेच जिवाणू बाटलीत गेलेले असतात.